जिन्याने चढणारा सूर्य

श्रावण लागला की लोकांना काय काय सुंदर आठवतं. मला परब आठवतात. पाऊस पडत नाही, ऊनही पडत नाही, आभाळ न पिळलेल्या लादीच्या फडक्यासारखं डोक्यावर नुसतं पसरलेलं असतं, दोरीवरचे कपडे वाळायचं सोडून आंबायला लागतात, आणि अशा एखाद्या सकाळी दाढी करता करता माझ्या छातीत एक जुना राग अंग मोडून उठून बसतो. मी आयुष्यात फार काही साठवू शकलो नाही. केस गेले, मित्र पांगले, गळा तर मुळातच नव्हता. पण तो राग मात्र मी नीट साठवलाय. ना गळती, ना गंज. कधीही तार लावा, दिवा पेटतो.

त्या वर्षीचा श्रावण असाच होता, आणि त्या श्रावणात मी सूर्याला पर्याय शोधत होतो. वाक्य मोठं तत्त्वज्ञानाचं वाटेल, पण तसं काही नाही. काळाचौकीच्या आमच्या चाळीच्या गच्चीवर पत्र्याची एक शेड आहे. तिच्यावर मी सोलरची दोन पॅनेलं बसवली होती, आणि ढग आल्यापासून ती पॅनेलं भिंतीवरच्या कॅलेंडरइतकीच वीज देत होती. प्रश्न एवढाच होता, की ऊन नसेल त्या दिवशी शेडमध्ये वीज कुठून आणायची. शहाण्या माणसाने याचं उत्तर एका संध्याकाळी काढलं असतं. मी अख्खा मोसम लावला, कारण मला नुसती वीज नको होती. परबांना झोंबेल अशी वीज हवी होती.

ती शेड म्हणजे भजनी मंडळाची जागा. चार खांबांवर आणि बाजूंनाही पत्रे, एक दार, खाली रबरी चटई, कोपऱ्यात पेटी, खिळ्यांना टांगलेले टाळ. पावसाळ्यात आत शिरलं की माणसांआधी वास भेटायचा. कापराचा, ओल्या गोणपाटाचा, पखवाजाला लावायच्या आंबलेल्या कणकेचा. बाहेर गिरणीच्या जागेवर उभे राहिलेले टॉवर, त्यांच्या बाल्कन्यांत कधीच न दिसणारी माणसं, आणि आत आम्ही, आजोबांनी कोकणातून आणलेले अभंग घोटत बसलेलो.

आमच्याकडे भजन म्हणजे निव्वळ भक्ती नव्हे. डबलबारी असते. दोन बुवा आपापली मंडळं घेऊन समोरासमोर बसतात. आधी एक गातो आणि देवाचं नाव घेत घेत दुसऱ्याची पिसं काढतो. मग दुसरा गातो आणि सगळं व्याजासकट परत करतो. देव मखरातून ऐकतो, लोक गॅलऱ्यांतून ऐकतात, आणि दुसऱ्या दिवशी चाळीत कोण कोणाला काय म्हणाला याचंच भजन चालतं. सूड घ्यायची इतकी सोज्वळ सोय आणखी कुठे असेल असं मला वाटत नाही.

परब आमचे बुवा होते आणि चाळीचे सेक्रेटरीही तेच. उमेदीची वर्षं त्यांनी गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर काढलेली. उंच, काटक, पांढराशुभ्र लेंगा, आणि मान अशी मागे टाकून बोलायचे, की समोरचा माणूस आपोआप अर्जदार व्हायचा. माझी धाकटी बहीण शुभा त्यांच्या मागे कोरसला बसायची. ती हिंदमाताला एका साड्यांच्या दुकानात काउंटरवर असते. दसऱ्याच्या गर्दीत सगळ्या डोक्यांवरून आवाज टाकून वरच्या माळ्यावरून पैठणी खाली मागवायची, हे तिचं रोजचं काम. एकदा तिने परबांना विचारलं, यंदा एक गौळण मी एकटी म्हणू का. परबांनी गॅलरीभर ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "बाईचो आवाज हळदीकुंकवाक बरो." गॅलऱ्या हसल्या. शुभाने टाळ खिळ्याला टांगला, घरी आली, आणि आंब्याच्या पेट्या यायच्या आत तिचं स्वतःचं मंडळ उभं राहिलं. चार बायका, तीन पुरुष, आणि टाळ धरायला मी, जो सम सोडून बाकी सगळीकडे बरोबर असतो.

चाळीच्या कमिटीला करमणूक हवी होती. त्यांनी जाहीर करून टाकलं की यंदाच्या गणपतीत अंगणात डबलबारी, परब बुवा विरुद्ध शुभा बुवा. शुभाला ती एक बारी हवी होती. ज्या गॅलऱ्या हसल्या, त्यांच्याचखाली बसून परबांना उत्तर द्यायचं, बास. तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. त्यासाठी रियाज हवा, रियाजाला शेड, शेडला वीज. आणि शेडची वीज यायची चाळीच्या सार्वजनिक मीटरवरून, ज्याच्या खोलीची किल्ली परबांच्या करगोट्याला. त्यांनी आपला रियाज स्वतःच्या खोलीत हलवला आणि एक दिवस शेडची लाइन काढली. म्हणाले, ती जुन्या मंडळाला दिलेली होती.

इथवर चूक परबांची. इथून पुढे माझी सुरू होते.

शुभा शांतपणे त्यांच्याकडे गेली होती, काय बोलली माहीत नाही, पण परब अर्धेमुर्धे वळले होते. सभेत विषय घेऊ, म्हणाले होते. सभेत तो विषय यायच्या आधीच मी उभा राहिलो. विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसाला आयुष्यात भाषणाची संधी क्वचित मिळते, ती मी दोन्ही हातांनी घेतली. म्हटलं, आम्हाला तुमची लाइन नको, आजही नको, उद्याही नको. सूर्य उगवायला सेक्रेटरीची सही लागत नाही. टाळ्या पडल्या. शुभाने कपाळाला हात लावला. परबांनी मान मागे टाकून माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या विषयाकडे वळले. वाक्य फार देखणं होतं. पुढे पूर्ण पावसाळा मी त्या वाक्याचे हप्ते फेडत होतो.

मे महिन्यात पॅनेलं बसली. आहाहा, काय ते दिवस. पत्रा तापून वास मारायचा, पॅनेलं डोळे दिपवत पडलेली असायची, आणि संध्याकाळी शेडमध्ये माइक, ट्यूब, पंखा, सगळं झकास चालायचं. मी मुद्दाम दार उघडं ठेवायचो. परबांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीच्या बरोब्बर डोक्यावर आमची शेड. त्यांना आमचा पंखा ऐकू जावा अशी माझी इच्छा होती. एक गोष्ट तेवढी माझ्या लक्षात आली नव्हती. शेजारचा टॉवर दुपार टळली की आपली सावली उचलून थेट माझ्या पॅनेलांवर आणून ठेवायचा. मी पॅनेलं सकाळी बसवली होती. सावली दुपारनंतर यायची. दुपारी मी ऑफिसात असायचो. इतकं साधं होतं. ते लक्षात आलं त्या दिवसापासून माझ्या रागाच्या यादीत परबांखाली टॉवरही चढला.

वीज साठवायला मी टॅक्सीची जुनी बॅटरी आणली होती. ओळखीचा टॅक्सीवाला म्हणाला, साहेब, गाडी एका झटक्यात उठवते. मला तो झटका आवडला. लोकांच्या पॉलिसीतला बारीक टाइप वाचून क्लेम नाकारण्यात ज्याची हयात गेली, त्याने बॅटरीवरचा टाइप मात्र वाचला नाही. टॅक्सीची बॅटरी ही मारामारी करणाऱ्या माणसासारखी असते. पहिला तडाखा जोरदार, मग दम नाही. गाडी उठवायची आणि लगेच परत भरून घ्यायची, एवढंच तिला ठाऊक. तिला संध्याकाळभर मंद मंद राबवलं, रोज तळापर्यंत रिकामं केलं, की ती मनाने खचते. आषाढाच्या ढगांनी तिला एका आठवड्यात संपवलं. शुभा वरच्या सुरावर गेली आणि माइक घोगरा होत होत गप्प झाला. खालून परबांच्या खोलीतून स्टुलाचा आवाज आला, मग स्पष्टपणे कोणीतरी हसल्याचा.

ते हसणं मला अजून ऐकू येतं.

मी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रिकच्या बाजारात गेलो. दुकानदार जांभई देत बसला होता. त्याने मला दोनच गोष्टी विचारल्या. काय काय चालवायचं आणि किती दिवस ऊन नसलं तरी चाललं पाहिजे. हाच सगळ्या बॅकअपचा गाभा आहे, हे मी आता लोकांना सांगतो, पण तेव्हा मी त्याचं ऐकतच नव्हतो. त्याने ट्यूब्युलर बॅटरी दाखवली. जाड, काळी, घरोघरच्या इन्व्हर्टरखाली असते ती. वजनदार, पण सोशिक. अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घाला, अर्ध्याखाली उतरू देऊ नका, वर्षानुवर्षं गुमान काम करेल. मी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. तिच्यात सूड नावालाही नव्हता. सरकारी नोकरीतल्या मामासारखी दिसत होती. मी विचारलं, "आवाज किती करते?" तो म्हणाला, अजिबात नाही. मी म्हटलं, मग नको.

बॅटरी निवडायला गेलेला मी, येताना मनात जनरेटर घेऊन आलो.

एका मांडववाल्याकडे पडून असलेला पेट्रोलचा जनरेटर भाड्याने आणला. दोन माणसांनी तो गच्चीवर चढवला, आणि मी जातीने त्याची जागा ठरवली, परबांच्या पलंगाच्या वर. रविवारची दुपार. चाळ जेवून सुस्तावलेली. श्रावणातली ती दुपार मला दिसते अजून, अळूच्या फदफद्याचा वास, कुठेतरी रेडिओ, कबुतरं, आणि मी दोरी खेचली. तो जो काय धडाडला. पत्रे थरथरले, टाळ खिळ्यांवर आपोआप वाजायला लागले, निळा धूर गच्चीच्या कठड्यावरून खाली ओघळला. शुभाच्या मंडळातल्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या. पेटी वाजत होती असं बोटांवरून दिसत होतं. वीज मुबलक होती आणि गाणं अशक्य होतं. शुभा कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली, पण मी खूश होतो. माझं लक्ष खालच्या खोलीकडे होतं. आता उठतील, आता येतील, आता भांडतील.

कोणी आलं नाही. संध्याकाळी जिन्यात परबकाकू भेटल्या. मी भांडणाची तयारी केली. त्या म्हणाल्या, "देव तुमचा बरा करो. ह्यांका साच्यांच्या आवाजात झोपायची सवय. गिरण बंद झाल्यापासना दुपारी डोळ्याक डोळो नव्हतो. आज घोरले बघा." आणि वर विचारलं, रोज याच वेळेला लावाल का.

त्या रात्री मला हसायचंही सुचलं नाही.  माझे वडीलही साचेखात्यातलेच. ते घरीसुद्धा आमच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घ्यायचे, कारण शेकडो माग एकदम चालू असलेल्या खात्यात कानांचा उपयोग नसायचा. सुट्टीच्या दिवशी घर शांत झालं की त्यांची चिडचिड व्हायची, स्टो पेटवून ठेवायला सांगायचे. आमच्या या भागातल्या एका अख्ख्या पिढीला शांततेतच झोप यायची नाही. आणि मी तिथलाच, त्याच खोलीत वाढलेला, परबांना जागं ठेवायला आवाज घेऊन गेलो. इतका अडाणी सूड काळाचौकीबाहेरच्या माणसानेही घेतला नसता.

जनरेटर परत गेला. परबकाकू हळहळल्या.

मग घरून वायर न्यायचा विचार आला. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, मीटर आमचं स्वतःचं. पण वायर वर जाणार परबांच्या दारावरून, आणि गॅलरीतून वायर न्यायला सेक्रेटरीची परवानगी. मी पुन्हा माझ्या त्या देखण्या वाक्यावर येऊन आपटलो.

हल्ली लग्नाबिग्नात लोक मला गाठतात. गावच्या घरावर सोलर घालतोय, सांगा, लेडची बॅटरी घेऊ का लिथियमची, का डिझेलचा जनरेटर ठेवू. यांना कोणीतरी सांगितलेलं असतं की माझा अनुभव दांडगा आहे. मी त्यांना आधी विचारतो, कोणावर राग आहे? ते हसतात. मी हसत नाही. भाऊबंदावर राग असेल तर माणूस गरजेच्या तिप्पट पॅनेलं घालतो. वीज बोर्डावर असेल तर हटकून जनरेटर घेतो. आणि राग स्वतःवर असेल तर स्वस्तातली जुनी बॅटरी. राग नसलेला माणूस मी अजून बॅटरीच्या दुकानात पाहिलेला नाही.

शेवटी मी लिथियम आणली. महाग, पण हलकी, तळापर्यंत वापरली तरी न रुसणारी, आवाज नाही, धूर नाही. हलकी हेच महत्त्वाचं होतं, कारण माझा बेत असा होता की ऊन असेल तेव्हा ती वर शेडमध्ये भरायची आणि नसेल तेव्हा सरळ उचलून खाली घरी आणायची, स्वयंपाकघरातल्या प्लगला लावायची, आणि भरली की पुन्हा वर. म्हणजे आमच्या स्वतंत्र, स्वाभिमानी, कोणाच्या बापाची वीज न घेणाऱ्या सूर्याला बॅकअप होता आमच्या मिक्सरचा प्लग.

तो श्रावण उन्हाला महाग. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी ती बॅटरी टॉवेलात गुंडाळून, दोन्ही हातांवर तोलून, पाय मोजून टाकत जिना चढायचो. मूर्तिशाळांतून गणपती निघायला लागायचे तेच दिवस. दुसऱ्या मजल्यावरच्या एका म्हातारीने मला तसं येताना पाहिलं आणि कपाळाला हात लावून नमस्कार केला. मीही मान झुकवली. काय सांगणार. घरात सुजाता, म्हणजे माझी बायको, वेगळीच पेटलेली. प्लगला बॅटरी असली की मिक्सर बंद, मिक्सर बंद म्हणजे वाटण नाही, आणि आमच्या घरात वाटणाशिवाय जेवण म्हणजे उपास. ती म्हणाली, परबांशी तुमचं वैर आहे तर काळ्या वाटाण्याची आमटी मी का पांढरी करू.

आणि परब. ते तिसऱ्या मजल्यावर आपल्या दाराशी खुर्ची टाकून बसलेले असायचे. मी टॉवेलातला सूर्य घेऊन धापा टाकत समोरून जायचो.  ते नुसते बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरायचे आणि स्वतःशी काहीतरी गुणगुणायचे. मला वाटायचं, जळतोय म्हातारा. जळा.

बारीच्या दिवशी रविवार होता. दुपारपासून धो धो. हिंदमाताला पाणी भरलं आणि शुभा दुकानातून कंबरेएवढ्या पाण्यातून चालत आली, साडी गुडघ्यावर, चपला हातात, पण गळ्याभोवती मफलर घट्ट. चार वाजता अंगणाहून चार पायऱ्या खाली असलेल्या आमच्या मीटरच्या खोलीत पाणी शिरलं. परबांनी स्वतः आत उतरून मेन स्विच पाडला. बरोबरच केलं त्यांनी, हे मलाही मान्य करावं लागलं, आणि त्याचाही राग आला. चाळ अंधारली. अंगणात ताडपत्रीखाली मखरासमोर दोन्ही मंडळं बसलेली, गॅलऱ्या भरलेल्या, मांडववाल्याचा साउंड मुका. समया होत्या, पण माइक नाही. एकेक करून माणसं मान वर करून गच्चीकडे बघायला लागली, आणि मग माझ्याकडे.

त्या क्षणासाठी मी अख्खा श्रावण जिने चढलो होतो. बॅटरी खाली आणली, इन्व्हर्टर लावला, माइक आणि दोन दिवे जोडले. मग शुभाच्या कानाशी वाकून, गुदगुल्या झाल्यासारखा, माझा बेत सांगितला. आपली पाळी माइकवर, परबांची पाळी बिनमाइकची. बॅटरीत एका मंडळापुरतीच वीज आहे, खोटं नाही. चाळीला काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं. लाइन त्या मंडळाला दिलेली नाही.

शुभाने ओल्या केसांना पीळ दिला. म्हणाली, "त्यांना माइक दे, दादा."

मी म्हटलं, वेडी आहेस का.

"बिनमाइकचे हरले तर उद्या सांगतील, माइक नव्हता. मला ते अख्खे हवेत."

मी माइक परबांच्या मंडळाकडे सरकवला. मला वाटत होतं आमच्या घरात सूड मलाच कळतो.

परब ज्येष्ठ, म्हणून पहिली पाळी त्यांची. माइक ओठांजवळ घेऊन बसले आणि गायले, काय गायले. नमन झालं, अभंग झाला, दुसरा अभंग झाला. घाई नाही. माझ्या बॅटरीवर मांडी ठोकून ते निवांत रंगत होते, आणि मी तिच्यावरचे, किती वीज उरली ते सांगणारे बारीक दिवे एकेक करून विझताना बघत होतो. वीज वाचवायला उजेडाच्या दोनातला एक दिवा काढला. मग दुसराही काढला. मग गजर आला. डबलबारीत गजर आला की समजायचं, आता टोमणा. परबांनी मान मागे टाकली, खुर्चीच्या हातावरचा तो ठेका पखवाजावर आला, आणि त्यांनी सुरुवात केली.

"हेंचो सूर्य जिन्यान चढता, मिक्सराच्या..."

आणि माइक गेला.

लिथियमबद्दल एक गोष्ट मला दुकानात सांगितली होती आणि मी नेहमीप्रमाणे ऐकली नव्हती. जुनी बॅटरी मरताना सांगून मरते, दिवा पिवळा होतो, आवाज घोगरा होतो. लिथियम तसं काही करत नाही. संपली की आतलं सर्किट स्वतःहून वीज तोडतं. टक्. कोणीतरी बटण बंद केल्यासारखं. आणि मी बटणाशीच उभा होतो. बॅटरीचा शेवटचा दिवा नीट दिसावा म्हणून वाकलेला, एक हात स्विचवर.

सगळी चाळ माझ्याकडे बघत होती. सुजातासुद्धा. मी शपथ घेतली. गणपतीकडे बोट करून घेतली. कोणाचा विश्वास बसला नाही, आणि खरं सांगायचं तर बसावा असा माझा इतिहासही नव्हता.

शुभाचा चेहरा पांढरा झाला होता. दातांत म्हणाली, "दादा, माझा सूड तू खाल्लास." तिचं बरोबर होतं. अर्ध्या टोमण्याला उत्तर देता येत नाही. समोरच्याचं पूर्ण झाल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं, हा डबलबारीचा रिवाज. माझ्या बॅटरीने परबांना तोडलं नव्हतं, तिला तोडलं होतं.

मग तिने हात वर केला आणि आमच्या मंडळाचे टाळ मांडीवर उलटे ठेवायला लावले. परबांकडे बघून म्हणाली, "पुरा करा, बुवानू. आमचे टाळ बंद आसत."

परबांनी पुन्हा सुरुवात केली, बिनमाइकची. गळा चांगलाच होता, पण कित्येक वर्षं तो माइकच्या खांद्यावर हात टाकून चालत आला होता. वर ताडपत्रीवर पाऊस. आवाज पहिल्या मजल्यापर्यंत गेला आणि तिथेच कठड्याला धरून बसला. वरून लोक विचारायला लागले, काय म्हणाले, काय म्हणाले. परबांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा वरून तेच, ऐकू नाय येत, बुवा.

शुभा उठून उभी राहिली. अंगणाच्या मध्ये गेली, मान मागे टाकली, अगदी परबांसारखी, आणि परबांच्याच चालीत, त्यांच्याच ठेक्यावर, तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या खोलीपर्यंत जाईल अशा आवाजात तिने परबांचा टोमणा स्वतःच गायला.

"हेंचो सूर्य जिन्यान चढता, मिक्सराच्या प्लगात उगवता."

चाळ फुटली. गॅलऱ्या वाकून हसल्या, कठडे थोपटले, ती दुसऱ्या मजल्यावरची म्हातारी डोळे पुसत हसली, आणि सगळे हसत होते ते आमच्यावर, माझ्यावर, टॉवेलातल्या त्या सूर्यावर. शुभाने सगळ्यांना हसू दिलं. पूर्ण हसून होईपर्यंत उभी राहिली. आषाढात माइक मेला तेव्हाच तिने पत्र्यावरच्या पावसावरून गळा टाकायची सवय केली होती. हसणं खाली बसलं तेव्हा ती परबांकडे वळली.

"सूर्य मावळलो, मीटर बुडालो, आता सांगा, गळो कोणाचो उरलो?"

एकदा गायली. मग कोरसने उचललं. मग पहिल्या मजल्याने, मग दुसऱ्याने. मी परबांकडे बघत होतो, दुसरीकडे बघूच शकत नव्हतो. तिसऱ्या आवर्तनाला त्यांचा उजवा हात उठला आणि मांडीवर ठेक्याला पडला. नेमका समेवर. मग त्यांना कळलं की आपला हात काय करतोय, आणि त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

लोक आजही मला जिन्यात अडवून विचारतात, माइक तुम्हीच बंद केलात ना. पूर्वी मी नाही म्हणायचो. आता म्हणत नाही. आयुष्यात मी घेतलेला एकमेव यशस्वी सूड मी घेतलेलाच नाही, हे सांगून मला काय मिळणार.

विसर्जनानंतरच्या आठवड्यात परब गच्चीवर आले, वायरमनला घेऊन. आम्ही रियाजाला बसलो होतो. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. वायरमनने कोपऱ्यात जुनी तार ओढली, बॉक्स बसवला, टेस्टर लावून दाखवला. परब शुभाला म्हणाले, "लाइन दिलंय." आणि तिथेच उभे राहिले. ती काय म्हणते याची वाट बघत असावेत.

शुभाने पेटीचा भाता सोडला. आवाज अगदी मऊ होता तिचा, गिऱ्हाइकाला साडी परत घडी करून देतानाचा.

"बरा झाला. ऊन नसला, बॅटरी उतरली, दादाची कंबर धरली, की मग तुमका लावतंव."

परब दाराशी उभे होते, ओठ किंचित उघडे. पण ते आता बॅकअप होते, आणि त्यांची पाळी अजून आली नव्हती.